वाटणीचे मैदान

वानखेडे स्टेडियम ही मुळात वाटणी आहे. मुंबईत चर्चगेटच्या आसपास दोन मोठी क्रिकेटची मैदाने एकमेकांपासून दहा-बारा मिनिटांच्या चालीवर का आहेत, असा प्रश्न परदेशी पाहुण्याला पडतो. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या माणसाला तो पडत नाही. एका वाड्यात दोन चुली, एका विहिरीवर दोन मोटारी आणि एका वावरात मधोमध नवा बांध हे चित्र त्याच्या डोळ्यांखालून लहानपणीच गेलेले असते. थोरल्याचे घर जुने आणि ऐसपैस असते. धाकट्याचे घाईत बांधलेले, पण रस्त्याला लागून असते. मुंबईतल्या थोरल्या घराचे नाव ब्रेबर्न आणि धाकट्याचे वानखेडे. येडशीत वाटणी जमिनीवरून होते, मुंबईत ती तिकिटांवरून झाली, इतकाच काय तो फरक.

थोरले घर आधी पाहू. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ही संस्था 1933 मध्ये निघाली. क्लबला मैदान हवे होते आणि मुंबईत जमीन नव्हती. जिथे जमीन नसते तिथे समुद्रात भर घालून ती करायची, हा मुंबईचा जुना उद्योग. बॅकबेच्या भरावातली जागा क्लबच्या मनात भरली. ज्या जमिनीवर काल मासे होते तिचा सातबारा अगदी कोरा असतो. तिला पूर्वज नसतात, कूळ नसते, आणि ऐन खरेदीच्या दिवशी पुण्याहून उगवणारी आत्याही नसते. मागायचे ते फक्त सरकारकडे. क्लबच्या वतीने मागायला गेले अँथनी डिमेलो. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांना त्यांनी विचारले, सरकारला या जमिनीचे पैसे हवेत की अमरत्व, अशी आख्यायिका आहे. गव्हर्नरांनी अमरत्व निवडले, असे ती पुढे सांगते. कागद मात्र सांगतो की चौरस यार्डाला साडेतेरा रुपये या दराने सुमारे 90,000 चौरस यार्ड जमीन क्लबला मिळाली. म्हणजे सरकारने पैसे घेतले आणि गव्हर्नरांनी अमरत्व. गावाकडच्या हिशेबात ही जमीन साधारण साडेअठरा एकर भरते. एवढ्या जमिनीत ज्वारी पेरली तर चार घरांचे वर्ष निघेल. तिथे गवत पेरले गेले.

22 मे 1936 रोजी पायाचा दगड बसला आणि 7 डिसेंबर 1937 रोजी खुद्द लॉर्ड ब्रेबर्न यांनी मैदानाचे उद्घाटन केले. स्वतःच्या नावाच्या वास्तूची फीत स्वतः कापण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरतात, सभामंडपाच्या खांबावर आजोबांचे कोरतात, पण पायरीवर पहिला पाय बहुधा दुसऱ्याच कोणाचा पडतो.

थोरल्या घराचा तोल बिघडला तो बसण्याच्या जागेवरून. मैदान क्लबचे होते, पण मुंबईतले क्रिकेट चालवण्याची जबाबदारी होती बॉम्बे क्रिकेट असोसिएशनची. म्हणजे मांडव एकाचा आणि वऱ्हाड दुसऱ्याचे. सामना असोसिएशनचा असला तरी चांगल्या खुर्च्यांवर क्लबचे सभासद बसत, आणि वऱ्हाडाच्या हाती येणाऱ्या तिकिटांचा आकडा दरवेळी कमी वाटे. लग्नात पहिल्या पंगतीला कोण बसणार यावरून महाराष्ट्रात जितकी घरे तुटली आहेत तितकी हुंड्यावरूनही तुटली नसतील. ही पंगत तर पाच दिवसांची होती. 1973 मध्ये इंग्लंडविरुद्धची कसोटी ब्रेबर्नवर झाली आणि तिकिटांच्या वाटपाचे भांडण अगदी हातघाईवर आले.

असोसिएशनच्या बाजूला होते बॅरिस्टर शेषराव वानखेडे. ते विदर्भातले. नागपूरचे महापौरपद आणि राज्याचे अर्थखाते सांभाळून ते आता विधानसभेचे अध्यक्ष झाले होते. क्लबच्या बाजूला विजय मर्चंट, भारतीय फलंदाजीतले थोर नाव. आमदारांच्या एका सामन्यासाठी वानखेडे ब्रेबर्न मागायला गेले, मर्चंट यांनी नकार दिला, तेव्हा वानखेडे यांनी मग आम्ही आमचे मैदान बांधू असे सुनावले, असे सांगितले जाते. असे वाक्य येडशीत दर पंधरा दिवसांनी कोणीतरी बोलते. आम्ही आमची विहीर पाडू, आम्ही आमचा रस्ता काढू, आम्ही आमचे हळदीकुंकू वेगळे करू. त्यातली बहुतेक वाक्ये संध्याकाळपर्यंत विरून जातात. हे विरले नाही, कारण बोलणाऱ्याच्या हाताशी विधानसभा होती.

जागा मिळाली ती चर्चगेट आणि मरीन लाइन्स या स्टेशनांच्या मधली, पश्चिम रेल्वेच्या रुळांना चिकटून. थोरल्याच्या दारातून धाकट्याची भिंत दिसावी इतकी जवळ. भांडून वेगळे होणारा मराठी माणूस लांब जात नाही. लांब गेला तर भांडणाचा उपयोग काय? आराखडा वास्तुविशारद शशी प्रभू यांचा. काम साधारण 13 महिन्यांत उरकले. हा आकडा महाराष्ट्रातल्या बांधकामाच्या इतिहासात सोनेरी अक्षरांत लिहावा असा आहे. गावाकडे न्हाणीघराच्या स्लॅबला दोन उन्हाळे लागतात, एक वाळू येण्याची वाट पाहण्यात आणि दुसरा गवंड्याची वाट पाहण्यात. तेरा महिन्यांत हजारोंचे स्टेडियम उभे राहिले ते सिमेंटपेक्षा इरेने. इरेला पेटलेल्या माणसाच्या घराला भेगा पडत नाहीत, निदान वास्तुशांतीपर्यंत तरी.

वास्तुशांत 23 जानेवारी 1975 रोजी सुरू झाली आणि वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीच्या रूपाने 29 तारखेपर्यंत चालली. पाहुण्यांचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड याने यजमानांच्या नव्या घरात नाबाद 242 धावा केल्या. नव्या घरी आलेल्या पाहुण्याने एवढे जेवू नये, पण कोणी त्याला उठवू शकले नाही. त्याचे अभिनंदन करायला एक प्रेक्षक मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बदडले, गर्दी भडकली आणि खेळ थांबला. वास्तुशांतीत एक तरी राडा होतोच, आणि तो बहुधा पाहुण्याचे कौतुक कोणी केले यावरूनच होतो. भारताकडून एकनाथ सोलकर यांनी शतक काढले. सोलकर हे जवळच्याच हिंदू जिमखान्यावर मैदान राखणाऱ्या माळ्याचे चिरंजीव. शेजारच्या मैदानावर बापाने गवत राखले आणि नव्या मैदानाच्या पहिल्याच कसोटीत लेकाने शतक केले. घराच्या पहिल्या मुक्कामात मानकरी खरा हाच. मन्सूर अली खान पतौडी यांची ही शेवटची कसोटी. सामना वेस्ट इंडीजने 201 धावांनी जिंकला. थोरल्या घरात त्या दिवशी काय बोलणे झाले असेल ते सांगण्याची गरज नाही.

आता वास्तूचे मोजमाप. क्रिकेटची खेळपट्टी 22 यार्ड लांब असते, म्हणजे 66 फूट. 22 हा आकडा देवाने दिलेला नाही. तो मोजणीच्या साखळीने दिला. इंग्रज भूमापकांची गंटर साखळी बरोबर 66 फुटांची असते. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, तेव्हा दोन गुंठे शेजारी ठेवले की गोलंदाजापासून फलंदाजापर्यंतचे अंतर तयार होते. खेळपट्टीची रुंदी दहा फूट, म्हणजे सगळी पट्टी 660 चौरस फूट. गुंठ्याच्या भाषेत दहातले सहा भाग. अर्ध्या गुंठ्याहून जराशा मोठ्या तुकड्यासाठी देश पाच-पाच दिवस काम सोडून बसतो, याचे नवल येडशीत कोणाला वाटत नाही. तिथे एका हाताच्या बांधासाठी लोकांनी तीन-तीन पिढ्या काम सोडलेले आहे.

खेळपट्टीचे माप असे पक्के, पण मैदानाचे कच्चे. खेळपट्टीपासून सीमारेषा किमान 65 आणि जास्तीत जास्त 90 यार्ड असावी, इतकाच आंतरराष्ट्रीय दंडक. आतले घर नियमाप्रमाणे, अंगण जागेप्रमाणे. या बाबतीत क्रिकेटचा सख्खा चुलतभाऊ म्हणजे अमेरिकेतला बेसबॉल. तिथेही खुंटासारख्या चार थांब्यांमधले अंतर ठरलेले, 90 फूट. चेंडू फेकणारा 60 फूट 6 इंचांवरून फेकतो. वरचे सहा इंच कुठून आले यावर अमेरिकेत आजही वाद घालतात, आणि ज्या देशात सहा इंचांवर वाद घालतात तो देश मराठी माणसाला परका वाटत नाही. आतला चौकोन असा काटेकोर, पण बाहेरची कुंपणे शहर देईल तशी. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर उजवे कुंपण 258 फुटांवर आणि मधले 483 फुटांवर होते. त्या जागेवर पोलो कधी खेळला गेला नाही, ती गोष्ट वेगळी. नाव जुन्या मैदानाचे उचलून आणले होते.

बांधाच्या वादाचे सर्वात उंच स्मारक बॉस्टन शहरात आहे. फेनवे पार्क हे बेसबॉलचे मैदान 20 एप्रिल 1912 रोजी सुरू झाले, टायटॅनिक बुडाल्यानंतर पाचव्या दिवशी, त्यामुळे वर्तमानपत्रांत त्याला फार जागा मिळाली नाही. मैदानाच्या डाव्या अंगाला लॅन्सडाउन स्ट्रीट हा रस्ता आडवा आला. रस्ता हटेना आणि मैदान सरकेना. मग मैदानवाल्यांनी गावाकडचा माणूस करतो तेच केले, बांधावर भिंत घातली. पुढे ती 37 फूट 2 इंच उंच झाली. 1947 मध्ये तिला हिरवा रंग दिला आणि लोकांनी तिचे नाव ‘ग्रीन मॉन्स्टर’, म्हणजे हिरवा राक्षस, असे ठेवले. ती फलंदाजापासून जेमतेम 310 फुटांवर आहे, त्यामुळे इतर मैदानांवर सरळ बाहेर जाणारे फटके इथे भिंतीला थडकून परत येतात, आणि इतरत्र झेल होणारे उंच फटके इथे भिंतीवरून पार होतात. एका शहराच्या नगररचनेमुळे शंभर वर्षे खेळाडूंच्या नशिबाचा हिशेब बदलत राहिला. पूर्वी भिंतीच्या पायथ्याशी दहा फुटांचा चढ होता. क्षेत्ररक्षक झेल घ्यायला डोंगर चढायचा. 1934 च्या सुमारास तो सपाट केला. येडशीच्या रामलिंग घाटात वाढलेल्या पोरांना हा चढ अवघड वाटला नसता.

जागा देईल तसे मैदान त्यांच्या ओळखीचेच. येडशीसारख्या बालाघाटाच्या कुशीतल्या गावांतले मैदान हे रब्बीची ज्वारी निघाल्यावर उरलेले वावर असते. त्याला एका अंगाला बांध, दुसऱ्या अंगाला विहीर, तिसऱ्या अंगाला कडब्याची गंज आणि चौथ्या अंगाला ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याचे शेत. नियम या चौघांना विचारून होतात. बांधापलीकडे सरळ गेला तर चौकार, उडून गेला तर आउट, कारण पलीकडचा मालक चेंडू देत नाही. गंजीत घुसला तर दोन धावा. विहिरीत पडला तर ज्याने मारला त्याने काढायचा, आणि तोवर त्याचा डाव थांबलेला. अंगणात एकाच टप्प्यात झेलला तरी आउट. लॉर्ड्सच्या नियमावलीत यातले काही नाही, म्हणून शहरातली माणसे याला गल्लीबोळातला पोरखेळ समजतात.

बेसबॉलमध्ये यालाच ‘ग्राउंड रूल’ म्हणतात आणि तो छापून पंचांच्या हाती देतात. शिकागोच्या रिग्ली फील्डवर बाहेरच्या विटांच्या भिंतीवर 1937 मध्ये वेल चढवली. चेंडू वेलीत अडकला की क्षेत्ररक्षकाने दोन्ही हात वर करायचे, मग फलंदाजाला दोन थांबे मिळतात. हात न उचलता वेलीत हात घातला तर चेंडू चालू, पळणारा पळत राहणार. गंजीतल्या चेंडूचा कायदा नेमका हाच आहे, फक्त तिथे हात वर करणाऱ्याला गंजीतल्या विंचवाचीही खात्री करून घ्यावी लागते. ह्यूस्टनमध्ये तर 2000 साली नव्या कोऱ्या मैदानात, मधल्या कुंपणाजवळ, मुद्दाम एक टेकडी केली आणि तिच्यावर झेंड्याचा खांब खेळाच्या हद्दीतच रोवला. सोळा वर्षे खेळाडू तिच्यावर धडपडले, मग ती सपाट केली. क्रिकेटनेही 2017 पर्यंत ‘चेंडू हरवला’ हा नियम पुस्तकात जपला होता. क्षेत्ररक्षकाने तसे ओरडायचे आणि फलंदाजाला सहा धावा द्यायच्या. लंडनच्या सभ्य गृहस्थांनाही चेंडू झुडपात जातो हे मान्य होते. मान्य नव्हती ती फक्त विहीर.

तिकीट न काढता पाहणारा माणूस हाही स्टेडियमचा एक अवयव आहे. किंबहुना भिंत त्याच्यामुळेच बांधतात. शिकागोत रिग्ली फील्डसमोरच्या इमारतींच्या मालकांनी गच्च्यांवर बाक मांडले आणि लोकांकडून पैसे घेऊन सामने दाखवायला सुरुवात केली. मैदानवाल्यांनी ओरड केली, प्रकरण कोर्टकचेरीच्या वाटेला लागले, आणि 2004 मध्ये गच्चीवाल्यांनी मिळकतीचे 17 टक्के द्यायचे ठरले. बांधावरच्या आंब्याच्या वाटणीत याहून चांगला तोडगा आजवर निघालेला नाही. वानखेडेच्या शेजारून लोकल धावते, पण डब्याच्या दारातून दिसायचे ते भिंतीचे सिमेंट आणि ऐकू यायचा तो आवाज. आवाजावरून धाव की बळी हे ओळखणारे प्रवासी मुंबईत आहेत. येडशीत गच्चीचे काम बांधावरचे लिंब करते. रामलिंगाच्या देवळाकडची माकडे या बाबतीत अधिक सुखी, कारण त्यांच्या गच्चीवर टक्केवारी बसवणारा अजून जन्मलेला नाही.

वानखेडेची माती लाल आहे. लाल मातीत चेंडू उसळतो, आणि मनात आले की वळतो. समुद्र अर्ध्या किलोमीटरच्या आत असल्यामुळे सकाळी आणि कलत्या उन्हात वारा चेंडूला हवेत फिरवतो. 2004 च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी इथे तीन दिवसांत आटोपली. भारताचा पहिला डाव 104, आणि शेवटी 107 धावा करायला निघालेला ऑस्ट्रेलिया 93 वर संपला. पाच दिवसांचे तिकीट काढलेल्यांचे दोन दिवस कोणी परत दिले नाहीत. शेतकऱ्याला यात नवे काही नाही. पेरले पाच दिवसांचे आणि निघाले तीन दिवसांचे, हा त्याचा नेहमीचा उतारा. त्याआधी 1991 मध्ये, पाकिस्तानचा संघ येणार म्हणून, राजकीय कार्यकर्त्यांनी ही खेळपट्टी खोदून टाकली होती. उन्हाळ्याआधी आणि कुळवाशिवाय केलेली ती महाराष्ट्रातली बहुधा सर्वात गाजलेली नांगरट. त्यानंतर तिथे काही पेरले मात्र गेले नाही.

याच मातीवर 10 जानेवारी 1985 रोजी रवी शास्त्री यांनी बडोद्याच्या तिलक राज यांच्या एका षटकात सहा षटकार मारले. स्टेडियम तेव्हा दहा वर्षांचे होते, म्हणजे मुंजीच्या वयाचे. मुंबईतच जन्मलेला आणि लहानपणी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला एजाज पटेल डिसेंबर 2021 मध्ये इथे आला आणि त्याने भारताचे दहाच्या दहा गडी एका डावात टिपले. सामना तरीही भारताने जिंकला, 372 धावांनी. आजोळी आलेला भाचा झाडावरचे सगळे आंबे पाडतो, पण झाड आजोबांचेच राहते, असे तेव्हा वाटले. 2024 च्या नोव्हेंबरात भाचा पुन्हा आला, सामन्यात अकरा गडी टिपले, आणि या खेपेला सामनाही घेऊन गेला. भाच्याला दुसऱ्यांदा बोलावताना आजोळाने विचार करायला हवा होता.

आता बसण्याची सोय, जिच्यावरून मुळात घर फुटले. 2011 च्या विश्वचषकासाठी वानखेडेचा मोठा भाग पाडून नव्याने बांधला. पूर्वी सुमारे 45,000 माणसे मावत, नव्या रचनेत सुमारे 33,000 मावू लागली. जागा वाढवण्यासाठी वेगळे झालेल्या घराने दुरुस्तीत जागा कमी केल्या, कारण माणशी खुर्ची ऐसपैस झाली. वर टेफ्लॉनच्या कापडाचे छत आले, ते मधल्या खांबांशिवाय तोलून धरलेले, म्हणून खांबाआड बसून अर्धा सामना पाहण्याचा जुना योग संपला. छताखालची गरम हवा ओढून घेणारे पंखेही लागले. येडशीच्या जत्रेत कुस्त्यांच्या फडाला अजूनही टेफ्लॉन नाही. तिथे आडवा येणारा खांब नसतो, पुढच्याचा फेटा असतो, आणि तो पाडून बांधता येत नाही.

तिथल्या स्टँडांची नावे हा वेगळा अभ्यासाचा विषय. सुनील गावसकर, सचिन तेंडुलकर ही नावे अपेक्षितच. पण एका भागाला नाव आहे विजय मर्चंट यांचे. ज्यांनी नकार दिला म्हणून हे घर उभे राहिले त्यांच्या नावाची ओसरी याच घरात आहे. भाऊबंदकीत थोरल्याचा फोटो धाकट्याच्या बैठकीत लागतोच, फक्त त्यासाठी थोडी वर्षे जावी लागतात. मे 2025 मध्ये आणखी तीन नावे आली, रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि शरद पवार, आणि स्टँड संपले असल्यामुळे ती मजल्यांना दिली. एका इमारतीत तिसरा मजला एकाचा आणि चौथा दुसऱ्याचा. वाटणीतून उभ्या राहिलेल्या वास्तूची आता मजल्यांवरही वाटणी झाली, हे तिच्या जन्माला साजेसे आहे.

या घरातला आवाज हा त्याचा सर्वात मोठा गुण. 2 एप्रिल 2011 रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची नाणेफेक दोनदा करावी लागली. श्रीलंकेच्या कुमार संगकाराने काय मागितले ते गर्दीच्या गलक्यात सामनाधिकाऱ्याला ऐकूच आले नाही. ग्रामसभेत ठराव दोनदा वाचावा लागतो त्याचेही कारण हेच, पण तिथे दुसऱ्या खेपेलाही ऐकू येत नाही. त्या रात्री महेंद्रसिंह धोनीने कुलशेखराला षटकार मारून सामना संपवला. चेंडू प्रेक्षकांत जिथे पडला त्या खुर्च्यांपाशी 2023 मध्ये स्मारक करायचे ठरले. सामान्य माणसाच्या बुडाखालची खुर्ची इतिहासात जाण्याचा हा प्रकार जगाला नवा नाही. फेनवे पार्कमध्ये हजारो हिरव्या खुर्च्यांत एक खुर्ची लाल आहे. 9 जून 1946 रोजी टेड विल्यम्सने मारलेला चेंडू 502 फुटांवर तिथे जाऊन पडला, तो तिथल्या गृहस्थाच्या गवती टोपीला भोक पाडून. त्या माणसाने सामन्याला येताना फक्त एक टोपी आणली होती आणि परत जाताना त्याच्याकडे इतिहास होता, टोपी नव्हती.

येडशीहून वानखेडेला जायला रस्ता आणि रेल्वे दोन्ही आहेत. सोलापूरकडून येणारा चौपदरी महामार्ग आणि छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा चौपदरी महामार्ग या दोन्ही प्रकल्पांच्या नावांत येडशी आहे. एकाचा शेवट इथे, दुसऱ्याची सुरुवात इथे. म्हणजे स्टेडियमच्या ‘एंड’सारखे गावाचेही दोन एंड आहेत, आणि वाहने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न थांबता चेंडूसारखी जातात. रेल्वे पूर्वी ‘बार्शी लाइट’ नावाची होती, दोन रुळांत अडीच फुटांचे अंतर असलेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 मध्ये बार्शीपर्यंत सुरू केलेली ही लाइन पुढे येडशीवरून लातूरला गेली. तिच्या वेगाची ख्याती अशी की कसोटी सामनाही तिच्याइतक्या संथपणे कधी खेळला गेला नाही. आता रूळ मोठे झाले आहेत. मुंबईपर्यंत सुमारे चारशे किलोमीटर, त्यापुढे तिकीट. चारशे किलोमीटर सोपे असतात.

म्हणून धाराशिव जिल्ह्याने पुष्कळदा खो-खो पत्करला. त्याला सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद जागा, दोन खांब आणि बारा माणसे पुरतात. ही जागा चार गुंठ्यांच्या आसपास, म्हणजे भावकीत भांडण न होता मिळू शकणारी. याच जिल्ह्याच्या सारिका काळे यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आणि 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. टेफ्लॉनच्या छताशिवाय मिळालेला.

शेवटी दुरुस्तीचा काळ. वानखेडेचे पाडकाम निघाले आणि घरात कार्य आले. डिसेंबर 2009 मध्ये श्रीलंकेविरुद्धची कसोटी मुंबईत ठरलेली, आणि धाकट्याच्या घरात सिमेंटची पोती. मग 36 वर्षांचा अबोला बाजूला ठेवून कार्य थोरल्याच्या घरी झाले. ब्रेबर्नवर वीरेंद्र सेहवागने 293 धावा केल्या, भारताने 9 बाद 726 वर डाव सोडला, डावाने सामना जिंकला आणि कसोटीतला पहिला क्रमांक मिळवला. ज्या घरातून तिकिटांवरून उठून गेले होते त्याच घरात एवढे मोठे शुभकार्य पार पडले. दोन्ही घरांतली वयस्कर माणसे त्या दिवशी एकमेकांकडे पाहून हसली असतील तर नवल नाही.

पुढे वानखेडेचे काम पुरे झाले आणि सामने परत धाकट्याकडे गेले. त्यानंतर ब्रेबर्नवर पुरुषांची कसोटी झालेली नाही. कार्य आटोपले की आणलेली पातेली घासून परत देतात, आणि बांध होता तिथेच राहतो.